दवाखान्यात नवीन फार्मासिस्ट म्हणून लागलात? आधी पेशंटची पिशवी उलटी करायला शिका

डी.फार्म झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि तालुक्याच्या गावातले एखादे डॉक्टर म्हणाले, ये बाबू, आपल्या दवाखान्यात बस, की बहुतेक पोट्ट्यांना वाटतं चिठ्ठी घ्यायची, पत्ता (म्हणजे गोळ्यांची स्ट्रिप) कापायचा, पैसे घ्यायचे, झालं काम. मलाही तसंच वाटायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जनरल प्रॅक्टिसमधे मी बरीच वर्षं बसतोय, समोर डॉक्टरसाहेबांची केबिन, बाजूला माझं काउंटर, आणि आता एवढं नक्की सांगू शकतो की पत्ता कापणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, ते तर माझा पुतण्याही करेल.

हे नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय. खाजगी दवाखाना असो की पीएचसी (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र), बरंचसं सारखंच लागू होतं, जिथे फरक आहे तिथे सांगतो.

पहिलं काम : तुम्ही नेमके कशावर बसलात ते बघा

रुजू व्हायच्या आधी विचारा की औषधं कोणत्या आधारावर दिली जातात. दोन प्रकार असतात. एक म्हणजे डॉक्टर स्वतःच्या पेशंटला स्वतःच औषध देतात, त्याला ड्रग्ज रूल्सच्या शेड्यूल के मधे (सूट मिळालेल्यांच्या यादीत) सूट आहे, लायसन लागत नाही, पण मग दुकानासारखं काउंटर उघडून येणाऱ्या जाणाऱ्याला विकता येत नाही. दुसरा म्हणजे दवाखान्याला लागून रीतसर मेडिकल, फॉर्म 20 आणि 21 चं लायसन, भिंतीवर फ्रेममधे लावलेलं, त्यावर फार्मासिस्ट म्हणून तुमचं नाव. या दुसऱ्या प्रकारात तुमचं नाव लागलं की तिथं जे काही होईल त्याला तुम्हीही जबाबदार, हे डोक्यात फिट करून घ्या. 1948 च्या फार्मसी अ‍ॅक्टचं कलम 42 सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं.

आणि सर्टिफिकेट भाड्यानं द्यायचं नाही. घरी बसून महिन्याला काहीतरी येतात म्हणून आमच्या बॅचच्या किती तरी जणांनी दिलं, स्वतः दुसरीकडेच कामाला. एकाच्या नावावरच्या दुकानात एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, इन्स्पेक्टर आले तेव्हा त्याला दुकानाचं शटर कोणत्या रंगाचं आहे तेही माहीत नव्हतं. पुढं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

पीएचसीत लागलात तर पद औषध निर्माण अधिकारी, तिथं लायसनची भानगड नाही पण ई-औषधी नावाचं सॉफ्टवेअर आहे, आलेला आणि गेलेला माल त्यात चढवायचा. रोजच्या रोज चढवा. महिनाअखेरीला बसून भरू म्हणणाऱ्याचा स्टॉक कधीच जुळत नाही.

पहिला आठवडा : जास्त बोलू नका, बघा

डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस ओपीडीत कोपऱ्यात स्टूल टाकून बसा. त्यांचं अक्षर लागायला लागतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कशाला काय लिहितात ते कळतं. कोणताही जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर फिरूनफिरून पन्नास-साठ औषधंच लिहितो. त्यांची यादी एका वहीत काढा, ब्रँडचं नाव, आत कोणतं औषध, किती एमजी, जेवणाआधी की नंतर. ही वही पहिल्या महिन्यात खिशातच राहू द्या.

त्याच आठवड्यात डॉक्टरांशी एक गोष्ट ठरवून घ्या. लिहिलेला ब्रँड नसला तर काय करायचं? स्वतःच्या मनानं बदलून दिलं तर नियमात बसत नाही, शेड्यूल एच आणि एच 1 ची औषधं (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत ती) चिठ्ठीवर जी आहेत तीच द्यायची, बदलायचं तर डॉक्टरांची परवानगी. म्हणून आधीच यादी करून त्यांची सही घ्या, अमुक नसलं तर तमुक चालेल. नाहीतर बाजाराच्या दिवशी साठ पेशंटच्या गर्दीत तुम्ही दर पाच मिनिटांनी केबिनचं दार ढकलाल आणि तिसऱ्यांदा डॉक्टर काय बोलतील ते मी इथं लिहू शकत नाही.

आता मुख्य काम : पिशवी

आमच्याकडं पेशंट एकाच डॉक्टरकडं जात नाही. गावात आमचे साहेब, गुडघ्यासाठी यवतमाळ, मोठं काही झालं तर सेवाग्राम नाहीतर नागपूरचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मधे नातेवाइकाकडं पाहुणं गेलं तर तिथला डॉक्टर, शिवाय पीएचसीतून फुकट मिळालेल्या गोळ्या, शिवाय कोणीतरी दिलेली पुडी. प्रत्येकानं आपापल्या परीनं बरोबरच दिलेलं असतं. पण सगळं एकत्र जमतं कुठं, तर पेशंटच्या घरी खुंटीला टांगलेल्या पिशवीत, आणि ती पिशवी कोणीच बघत नाही. ती बघणं हे तुमचं काम.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. एप्रिलचा महिना, एक आजी आल्या, पाय सुजलेले. म्हणाल्या, "बावा, माहे पाय काहून सुजले रे? सुजनाच्या गोया देल्ल्या तरी उतरतच नाई." मी म्हटलं आजी, घरी जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या पुढच्या खेपेला घेऊन या, संपलेले पत्तेसुद्धा. आणलं त्यांनी, ज्वारीच्या बियाण्याची पिशवी होती, काउंटरवर उलटी केली.

एक पत्ता अ‍ॅम्लोडिपिन 5, मोठ्या दवाखान्यातून. दुसरा पत्ता आमच्याच साहेबांचा, टेल्मिसार्टन 40 आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 एकत्र. दोन्हीची नावं वेगळी, रंग वेगळे, आणि आत अ‍ॅम्लोडिपिन दोन्हीत. म्हणजे रोज 10 एमजी जात होतं, आणि अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजतात, डोस वाढला की जास्त सुजतात, हे तुम्ही कॉलेजात वाचलंच असेल. सूज दिसली म्हणून तिसऱ्या डॉक्टरनं लघवीची गोळी दिली, फ्युरोसेमाइड. आणि पिशवीच्या तळाशी डायक्लोफेनॅकच्या सुट्ट्या गोळ्या, कापूस वेचायच्या दिवसांपासून कंबरेसाठी रोज एक, कोणी लिहून दिली नव्हती, किराण्याच्या दुकानातून आणलेली.

मी विचारलं, आजी, दोन्ही बीपीच्याच गोळ्या आहेत हो, दोन्ही घेता? तर म्हणे, "दोन्ही बीपीच्याच हायेत तं चांगलंच हाय ना, लवकर उतरंन."

आता यात सूज ही छोटी गोष्ट आहे, खरी भीती दुसरीच. टेल्मिसार्टनसारखी गोळी, त्यावर लघवीची गोळी, त्यावर दुखण्याची गोळी, ही तिन्ही एका माणसाच्या पोटात आणि बाहेर 44 डिग्री, पाणी कमी पिणारी म्हातारी बाई, म्हणजे किडनीला थेट आमंत्रण. मी गोळ्या तशाच ट्रेमधे ठेवून साहेबांना दाखवल्या, त्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला लावलं, एक अ‍ॅम्लोडिपिन बंद, दुखण्याची गोळी बंद, लघवीची गोळीही बंद, कंबरेसाठी पॅरासिटामॉल, आठ दिवसांनी परत बोलावलं. सूज उतरली. आजी म्हणाल्या चांगली गोळी दिली यावेळी. दिली कुठं, काढल्या होत्या!

पिशवी बघायची कशी, तर घाईत नाही. ज्यांची पाचपेक्षा जास्त औषधं चालू आहेत, साठीच्या पुढचे आहेत, किंवा नुकतेच मोठ्या दवाखान्यातून सुट्टी होऊन आलेत, त्यांना दुपारी बोलवा, बाराच्या बसनंतर गर्दी ओसरते. प्रत्येक पत्ता हातात घ्या आणि पेशंटला विचारा, ही कशासाठी, कधी घेता, काल घेतली का? "घेता का" विचारलं तर सगळे हो म्हणतात, "काल किती वाजता घेतली" विचारलं की खरं बाहेर येतं. मग ब्रँडचं नाव विसरून फक्त आतलं औषध एका कागदावर लिहा, म्हणजे डबल झालेलं लगेच दिसतं. पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या वेगळ्या ठेवा, ताकदीची गोळी म्हणून स्टेरॉइड देणारे अजूनही आहेत, आणि ती जर खूप महिने चालू असेल तर एकदम बंद करायला सांगू नका, डॉक्टरांनाच ठरवू द्या.

काही नावं दिसली की थांबायचंच. मेथोट्रेक्सेट, संधिवातासाठी, ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. त्यावर मी मार्करनं वाराचं नाव लिहितो, "फक्त सोमवार", आणि घरातल्या शिकलेल्या पोराला फोन करून सांगतो. दुसरी असिट्रॉम, म्हणजे असेनोकुमॅरॉल, झडपेचं ऑपरेशन झालेल्यांकडं असते, तिच्यासोबत दुखण्याची गोळी दिसली तर तिथल्या तिथं डॉक्टरांकडं, रक्तस्राव होऊ शकतो. मेटफॉर्मिन चालू असलेला माणूस हगवण-उलटीनं गळून आला तर तेही साहेबांच्या कानावर घाला. आणि आपल्या भागात सिकलसेलचे पेशंट बरेच, त्यांची हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड मधेच तुटलं तर नाही ना ते बघा. मुलगी लग्नाची झाली किंवा दिवस राहिले की हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगायचं, हे घरचे कधीच स्वतःहून सांगत नाहीत.

हे काही मी शोधलेलं नाही. इंग्लंडमधे 2015 पासून जीपी प्रॅक्टिसमधे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत, फार्मासिस्ट बसवायला सरकारनं पैसे द्यायला सुरुवात केली, 2019 पासून साधारण 30 ते 50 हजार लोकसंख्येमागे दवाखान्यांचे गट केले आणि त्या गटांना फार्मासिस्ट ठेवायला निधी दिला, त्यांचं मुख्य काम हेच, पेशंटची सगळी औषधं एकत्र बसून बघायची आणि मोठ्या दवाखान्यातून आलेला कागद आपल्या नोंदीशी जुळवायचा. आपल्याकडं मैदानी भागात 30 हजाराला एक पीएचसी हा निकष आहे, म्हणजे आकडा बघा कसा सारखाच. फरक एवढाच की तिकडं ज्यादा शिक्षण घेतलेला फार्मासिस्ट स्वतः औषध लिहू शकतो, आपल्याकडं नाही. आपण फक्त बघायचं आणि सांगायचं, लिहायचं डॉक्टरांनी.

डॉक्टरांना सांगायचं कसं

इथं नवीन पोरं मार खातात. चूक सापडली की उत्साहात पेशंटसमोरच, "सर, हे तर डबल झालं!" तसं करू नका हो. पेशंटचा डॉक्टरवरचा विश्वास जातो, डॉक्टरांचा तुमच्यावरचा जातो, आणि नंतर तुम्ही बरोबर जरी सांगितलं तरी ते ऐकणार नाहीत. मी सुरुवातीला एकदा हे केलंय, चार दिवस साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

आता मी छोटी चिठ्ठी पाठवतो. तीन ओळी, काय सापडलं, काय होऊ शकतं, काय करता येईल. "आजी दोन ठिकाणची अ‍ॅम्लो घेतात, एकूण 10. सूज त्याचीच असावी. एक बंद करायची का?" प्रश्नचिन्ह महत्त्वाचं आहे. निर्णय त्यांचा. डोस जीवघेणा असेल तर मात्र चिठ्ठी नाही, सरळ केबिनमधे जाऊन "सर एक मिनिट" आणि औषध हातातून सोडायचं नाही जोवर उत्तर मिळत नाही, ते चिडले तरी. चूक दुसऱ्या मोठ्या दवाखान्यातल्या चिठ्ठीत असेल तरी तेच, तिथल्या डॉक्टरला नावं ठेवायची नाहीत, आमच्या साहेबांनी तिकडं फोन लावायचा.

पेशंटला सांगायचं कसं

पत्ता कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरी ज्या टोकाला छापली आहे ते टोक शेवटपर्यंत राहू द्या, उलट्या बाजूनं कापा. दिसायला छोटी गोष्ट, पण तारीख नसलेले अर्धे पत्ते हीच पिशवीतली अर्धी घाण असते.

वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढतात, ठीक आहे, पण आमच्याकडं त्याहून चांगलं चालतं ते म्हणजे रोजच्या कामाला जोडणं. सकाळचा चहा, वावरातून आल्यावर, रातच्या जेवणानंतर. थायरॉइडची गोळी चहाच्या आधी उपाशीपोटी, मग अर्ध्या तासानं चहा, असं म्हटलं की कळतं. "बीडी" म्हणजे दिवसातून दोनदा, हे त्यांना कळत नाही, आणि एक काकाजी तर बीडी ओढल्यावर घ्यायची समजले होते, खरंच.

शेवटी त्यांच्याकडूनच वदवून घ्या. "काकाजी, आता मले सांगा बरं, कशी घेसान?" त्यांच्या बोलीत विचारलं तर सांगतात, शुद्ध मराठीत विचारलं तर नुसती मान हलवतात. पहिल्या वेळी निम्मे तरी चुकीचं सांगतात, मग परत समजवा, कंटाळू नका.

बीपी-शुगरवाल्यांचा हिशोब मी बाजारावर बांधलाय. चार बाजार म्हणजे 28 दिवस, गोळ्या 30 द्यायच्या, दोन जास्तीच्या, पावसात नाल्याला पूर आला आणि एस.टी. बंद झाली तर उपयोगी पडतात. वहीत पेशंटचं नाव आणि बाजाराची तारीख, आला नाही तर त्याच्या गावच्या आशाताईंना फोन. जून-जुलैमधे बरेच जण गळतात, कारण पैसा बी-बियाण्यात गेलेला असतो, आणि बीपी दुखत नाही त्यामुळं सगळ्यात आधी तीच गोळी बंद होते. अशा वेळी लाजू नका, सरळ सांगा की पीएचसीत जा, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. आपलं गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसणारे मी पाहिलेत, पण तोच माणूस दिवाळीनंतर लकवा मारून बैलगाडीत येतो तेव्हा तोंड दाखवायला लाज वाटते.

रजिस्टरं, नाइलाजाची पण महत्त्वाची

एच 1 चं रजिस्टर वेगळं. 1 मार्च 2014 पासून हा नियम आहे, सुरुवातीला 46 औषधं होती त्यात, सेफिक्झिम, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं वगैरे. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. संध्याकाळी आठवून लिहू म्हणाल तर विसराल.

टीबीचं औषध दिलं तर 2018 पासून केमिस्टलाही कळवणं बंधनकारक आहे, तालुक्याच्या टीबी युनिटचा नंबर काउंटरवर चिकटवून ठेवा. कोणाला औषधानं पुरळ, चक्कर, काही उलटंसुलटं झालं तर आधी डॉक्टर, मग फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा) फॉर्म भरायचा, टोल फ्री 1800-180-3024 आहे. बहुतेकांना वाटतं आपल्यावर केस होईल, तसं काही नसतं, ते लोक फक्त माहिती गोळा करतात.

ऊन आणि फ्रिज

पुस्तकात लिहिलेलं "30 डिग्रीच्या खाली ठेवा" हे मे महिन्यात आमच्याकडं विनोद वाटतो. टिनाचं छत असेल तर औषधं वरच्या रॅकमधे ठेवू नका, खाली गार असतं. सपोझिटरी आणि जिलेटिनच्या कॅप्सूल आधी वितळतात, त्यांच्यावर नजर. फ्रिजमधे थर्मामीटर, 2 ते 8, दिवसातून दोनदा वहीत, आणि लाइट गेली की दार उघडायचं नाही, दर दोन मिनिटांनी गार आहे का बघायची सवय सोडा. फ्रिजमधे डबा, पाण्याची बाटली, साहेबांच्या घरचं दही, काहीही नाही. ऑक्सिटोसिन आणि इन्सुलिन फ्रिजरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी फेकायचंच.

ज्या पेशंटकडं फ्रिज नाही त्याला इन्सुलिन प्लास्टिकच्या डबीत घालून छोट्या मडक्यात, ते मडकं मोठ्या मडक्यात, मधे ओली रेती, सावलीत आणि वारा लागेल अशा जागी. रेती रोज ओली करायची. गावात माठ सगळ्यांकडं असतो त्यामुळं हे लगेच पटतं.

जे तुमचं नाही

"डाक्टर नाई तं तूच सुई लावून दे ना बाप्पा," हे दिवसातून दोनदा ऐकाल. नाही लावायची. सलाईन नाही, अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं नाही, बारा वर्षांखालच्या पोराला निमेसुलाइड तर नाहीच, 2011 पासून बंदी आहे. फवारणी करून आलेला माणूस मळमळतंय, डोळ्यापुढं अंधारी येते म्हणाला तर उलटीची गोळी देऊन घरी पाठवू नका, कपडे काढायला लावा, अंग साबण-पाण्यानं धुवायला सांगा, आणि ताबडतोब डॉक्टरपुढं, सोबत फवारलेल्या औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो. 2017 मधे आपल्या जिल्ह्यात फवारणीनं किती शेतकरी गेले ते सगळ्यांना माहीत आहे. साप चावलेला आला तर त्याला बसवून चौकशी करत बसू नका, गाडी बघा आणि अँटी स्नेक व्हेनम कुठं शिल्लक आहे ते फोनवर विचारा, म्हणून आसपासच्या पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालयांचे नंबर पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

आणि एक सुट्टीचं. तुम्ही नसाल त्या दिवशी काउंटर कोण बघणार हे नोकरी धरतानाच बोलून घ्या, कंपाउंडर बघेल असं म्हणाले तर नाही म्हणा, दुसरा रजिस्टर्ड फार्मासिस्ट नसेल तर काउंटर बंद. आमच्याकडं बाजार बुधवारी असतो म्हणून मी सुट्टी गुरुवारची घेतो, बुधवारी रात्री शॉर्टबुक (संपत आलेल्या औषधांची वही) भरून स्टॉकिस्टला, म्हणजे औषधांच्या ठोक विक्रेत्याला, ऑर्डर पाठवली की दुसऱ्या दिवशी मी मोकळा आणि शुक्रवारी सकाळी माल काउंटरवर.